एफसी रोडवर टी-शर्ट स्वस्त का मिळतो, आणि तो तिथेच किती दिवस मिळेल?

दरवर्षी जून-जुलै आला की पुण्यात एक ठरलेलं चित्र दिसतं. लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूरहून आलेली पोरं-पोरी पाठीवर सॅक आणि हातात बादली घेऊन होस्टेल शोधत असतात. रूम मिळते, मेस लागते, कॉलेजचं आयकार्ड हातात येतं. मग पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो. गावाकडून आणलेले चार ड्रेस इथं चालणार नाहीत असं उगाच वाटायला लागतं, खिशात महिन्याचे मोजके पैसे असतात, मग कपडे घ्यायचे कुठून?

रूममेट मान वर न करता सांगतो, "एफसीला जा की."

एफसी म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रोड. कागदोपत्री नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ, पण त्या नावानं रिक्षा सांगितली तर रिक्षावाला दोन मिनिटं विचारात पडेल. या रस्त्यावर 1885 साली सुरू झालेलं फर्ग्युसन आहे. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बीएमसीसी, मॉडर्न, गरवारे अशी कॉलेजं आहेत. मुठा ओलांडली की नारायण, सदाशिव, शनिवार पेठा लागतात, जिथं स्पर्धा परीक्षेची हजारो पोरं अभ्यासिकेत बसलेली असतात. थोडक्यात, अर्ध्या-पाऊण तासाच्या पायपिटीत एवढं तरुण गिऱ्हाईक एकत्र मिळणारी जागा महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी असेल. म्हणून इथं कपड्यांचा बाजार उभा राहिला. तो कुठल्या सरकारी योजनेतून आला नाही, गिऱ्हाईक दिसलं तिथं पथारी पडली.

पण हा बाजार नेमका कशाच्या जोरावर स्वस्त आहे हे पाहिलं, की तो किती कच्च्या पायावर उभा आहे तेही कळतं.

आधी फिरून घेऊ

एफसी रोडवर कपडे विकणारे तीन प्रकारचे लोक आहेत. पहिले मोठे ब्रँडवाले. काचेचं दार, आत एसी, आणि पोरं आत जातात ती बहुतेक वेळा फक्त ट्रायल घ्यायला. दुसरे इमारतीच्या पुढच्या किंवा बाजूच्या जागेत गाळा टाकून बसलेले. तीन-चार फूट रुंदीच्या बोळात दोन्ही बाजूंना टॉप, कुर्ती, कार्गो, ओव्हरसाइज टी-शर्ट लटकवलेले असतात. तिसरे फुटपाथवरचे, म्हणजे पुण्याच्या भाषेत पथारीवाले. कानातली, चप्पल, स्कार्फ, मोजे, मोबाइल कव्हर यांचा मुख्य धंदा यांच्याकडे.

डेक्कनला गरवारे पुलाजवळची हाँगकाँग लेन याच बाजाराचं शेपूट आहे. गल्ली लहान आणि माल भरपूर. भाव करायची लाज वाटत असेल तर तिथं न गेलेलं बरं.

पुढचा टप्पा तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड. पेशवेकालीन राममंदिराभोवतीचा तुळशीबागेचा बाजार प्रामुख्यानं बायकांचा मानला जातो, पण कॉलेजच्या पोरींना तो पाठ असतो. ड्रेस मटेरियल, ओढण्या, लेगिंग्ज, ऑक्सिडाइजचे दागिने सगळं तिथं मिळतं. ट्रॅडिशनल डेच्या आदल्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. साडी नेसायचीच असेल तर लक्ष्मी रोड आहे. एकाच दिवसासाठी नऊवारी किंवा शेरवानी हवी असेल, तर पेठांमध्ये नाटकांना कपडे पुरवणारे आणि भाड्यानं पोशाख देणारे दुकानदार आहेत. एका फोटोसाठी दोन हजार घालवण्यापेक्षा तो मार्ग पुष्कळ शहाणपणाचा.

तुळशीबाग पूर्वी एफसीवरून लांब वाटायची, आता तेवढी वाटत नाही. डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशन ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झालं आणि मंडईचं भुयारी स्टेशन सप्टेंबर 2024 मध्ये. डेक्कनला बसायचं, जिल्हा न्यायालय स्टेशनवर गाडी बदलायची आणि मंडईला वर यायचं. बाहेर पडल्यावर तुळशीबाग चालत काही मिनिटांवर आहे.

तिसरं ठिकाण कॅम्प. एमजी रोडजवळचं फॅशन स्ट्रीट म्हणजे जीन्स, शर्ट, जॅकेट, बूट यांचं ठिकाण, मुलांची गर्दी इथं जास्त. पण एफसीवरून कॅम्पला मेट्रोनं सरळ जाता येत नाही. बसनं जायचं तर जून 2025 मध्ये पीएमपीचं किमान तिकीट पाचवरून दहा रुपये झालंय. दोघं जाऊन-येऊन चाळीस रुपये म्हणजे एका वडापाव पार्टीचे पैसे गेले. जवळच्या बाजाराची किंमत अशा हिशेबात कळते.

आणि ज्यांना खरंच काटकसर करायचीय त्यांच्यासाठी बुधवार आणि रविवारचा जुना बाजार आहे. वापरलेली जॅकेटं, बूट, बॅगा तिथं मिळतात. नजर पाहिजे आणि घरी आल्यावर गरम पाण्यात धुवायची तयारी पाहिजे.

स्वस्त कशामुळे?

बहुतेकांचं उत्तर तयार असतं, "एक्सपोर्ट सरप्लस आहे ना." हे अर्धंच खरं आहे.

निर्यातीचा माल शिवणारे कारखाने ऑर्डरपेक्षा थोडे जास्त नग शिवतात, कारण तपासणीत काही बाद होणार हे गृहीत असतं. उरलेले नग, शिलाईत किरकोळ दोष असलेले नग किंवा परदेशी गिऱ्हाइकानं ऐनवेळी नाकारलेला माल व्यापारी वजनावर किंवा लॉटमध्ये उचलतात. लेबल कापलेलं असतं ते यामुळे. तमिळनाडूतलं तिरुपूर हे होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारख्या विणलेल्या कपड्यांचं, देशातलं सगळ्यात मोठं निर्यात केंद्र आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तिथल्या निर्यातदारांच्या ऑर्डर अडकल्या. निर्यातीचा माल असा अडकला की त्यातला काही देशातल्या बाजारात सवलतीत उतरतो. वॉशिंग्टनमधल्या निर्णयाचा आणि एफसीवरच्या हँगरचा संबंध लागतो तो असा.

पण रस्त्यावर लटकलेलं सगळंच सरप्लस नसतं. बराच माल देशी बाजारासाठीच शिवलेला असतो. दिल्लीच्या गांधीनगरचा ठोक बाजार, उल्हासनगरची जीन्स, सुरतचं कापड, लुधियानाचे स्वेटर. तो माल मुंबईमार्गे किंवा थेट पुण्यात येतो आणि त्याला "सरप्लस" म्हटलं की खपतो, एवढंच. इन्स्टाग्रामवर दिसलेली फॅशन पंधरा दिवसांत पथारीवर येते ती याच साखळीमुळे.

मात्र ठोक बाजारातला भाव मॉलवाल्याला जवळपास तेवढाच पडतो, किंबहुना मोठी ऑर्डर देणाऱ्याला कमीच पडतो. मग पथारीवरचा टी-शर्ट अडीचशेला कसा? खरा फरक मालात फार नाही, जागेत आहे. पथारीवाल्याला शोरूमचं भाडं नाही, एसीचं बिल नाही, सेल्समन नाही, जाहिरात नाही. धंदा छोटा असल्यामुळे जीएसटीची नोंदणीही बहुतेकांना लागत नाही, कारण मालविक्रीसाठी वर्षाला 40 लाखांपर्यंतची उलाढाल नोंदणीतून मोकळी आहे. ठोक खरेदीत भरलेला कर किमतीत असतोच, पण पुढचा थर चढत नाही.

म्हणजे गिऱ्हाइकाला मिळणारी सूट ही मुळात जागेच्या भाड्यात झालेली बचत आहे. जागा गेली की सूटही जाते. पथारीवाल्याला उचलून लांबच्या एखाद्या इमारतीत गाळा दिला, तर त्याच टी-शर्टवर भाडं, वीजबिल आणि कमी झालेलं गिऱ्हाईक या तिन्हींचा भार पडणार.

मग ही जागा कोणाची?

सगळा तिढा इथं आहे, त्यामुळे हे नीट समजून घ्यायला हवं.

सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सांगितलं होतं, की रस्त्यावर विक्री करणं हा घटनेच्या कलम 19(1)(छ) खाली येणारा व्यवसाय आहे, पण त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. अमुक एक जागा माझीच, असा हक्क मात्र कुणाला मिळत नाही. पुढं पंचवीस वर्षांनी, 2014 मध्ये, संसदेनं पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात काय आहे?

शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. 2011 च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या सुमारे 31 लाख होती, त्या हिशेबानं ही कमाल मर्यादा 78 हजारांच्या आसपास जाते. निर्णय घेणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची आणि दंड भरून मागणी केल्यावर नाशवंत नसलेला माल, म्हणजे कपडेसुद्धा, दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा.

कागदावर हे सगळं व्यवस्थित आहे. अडचण अंमलबजावणीची. मुंबईचं उदाहरण बोलकं आहे. तिथं 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले, त्यातले सुमारे 32 हजार मतदानाला पात्र ठरले आणि समितीसाठी मतदान व्हायला ऑगस्ट 2024 उजाडला. कायदा झाल्यानंतर दहा वर्षांनी.

पुण्यातला पेच याहून थोडा वेगळा. महापालिकेत मार्च 2022 पासून प्रशासक होते. थेट जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. म्हणजे जवळपास चार वर्षं फुटपाथचा प्रश्न घेऊन जायला ना पथारीवाल्याला नगरसेवक होता, ना तिथून चालणाऱ्याला. अतिक्रमण विभागाची गाडी आली की पथारी गुंडाळायची आणि गाडी गेली की परत मांडायची, असा खेळ चालतो. विद्यार्थ्यांनी तो पाहिलेला असतो. हातातला टॉप अर्धवट बघून झालेला असताना ताई एकदम गाठोडं बांधून गायब होतात, ते यामुळेच.

आणि वर सांगितलेले दुसऱ्या प्रकारचे विक्रेते, बोळातल्या गाळ्यांवाले? त्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ते फुटपाथवर नाहीत, खासगी इमारतीच्या आवारात आहेत आणि मालकाला भाडं देतात. पण इमारतीच्या भोवती मोकळी सोडायची जागा, ज्याला पुण्यात सगळे साइड मार्जिन किंवा फ्रंट मार्जिन म्हणतात, तिथं बांधकाम करता येत नाही. आग लागली तर बंब आणि माणसं जायला ती जागा ठेवलेली असते. तिथं पक्का गाळा टाकला तर कारवाई होते ती 1966 च्या नगररचना कायद्याखाली, आणि तिथं पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र फारसं कामाला येत नाही. भाडं मालक घेतो, हातोडा पडतो तेव्हा माल भाडेकरूचा असतो. एफसीवर विद्यार्थी सगळ्यात जास्त खरेदी करतात ती बहुधा याच गाळ्यांतून.

आगीची गोष्ट इथं उगाच काढलेली नाही. 26 मार्च 2021 च्या रात्री कॅम्पातलं फॅशन स्ट्रीट पेटलं. चिंचोळे बोळ, एकाला एक चिकटलेले स्टॉल, वरून ताडपत्री आणि आत सगळा कपडा. काही तासांत शेकडो दुकानांची राख झाली. बाजार बंद झालेला होता म्हणून आत माणसं नव्हती. आग विझवून घरी परतणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्याचा त्याच रात्री अपघाती मृत्यू झाला. रस्त्यावरचे विक्रेते एका ठिकाणी आणून बसवले की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवायला हवी. पुनर्वसन केलेल्या बाजारातही रुंद वाट, सुरक्षित वायरिंग आणि पाण्याची सोय लागते. त्याचा खर्च कुणी करायचा यावर गाडी अडते.

चालणाऱ्यांचं काय?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अडथळ्याविना फुटपाथ वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आणि राज्यांना पादचाऱ्यांसाठी धोरण आणायला सांगितलं. संध्याकाळी सहा वाजता एफसीवरून चालून बघा. फुटपाथवर पथारी, पथारीसमोर गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या पायाशी कुणाची तरी गाडी लावलेली. व्हीलचेअरवरचा विद्यार्थी तिथून जाऊच शकत नाही. काठी टेकत चाललेल्या आजोबांना रस्त्यावर उतरावं लागतं.

पण यात एक गोष्ट नजरेतून सुटते. फुटपाथची जागा फक्त पथारीनं खाल्लेली नाही. वर चढवलेल्या दुचाक्या, दुकानांच्या पुढं आलेल्या पायऱ्या आणि बोर्ड, वीजमंडळाच्या पेट्या यांनीही ती खाल्लीय. कारवाई मात्र आधी पथारीवर होते, कारण ती उचलायला सोपी. याच शहरात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी चालणारे आणि विकणारे दोघंही मावतात, तेव्हा जागा मुळात कमी आहे की गाड्यांनी अडवली आहे हा प्रश्न रास्तच आहे.

मॉलवाले खाली उतरले

जागेचा वाद चालू असताना दुसरीकडून धंदा पोखरला जातोय. टाटांच्या ट्रेंट कंपनीचं झुडिओ, 2016 मध्ये सुरू झालेलं. ऑनलाइन विक्री नाही, जाहिरात जवळपास नाही, बहुतेक कपडे हजाराच्या आत. मार्च 2025 अखेर त्यांची साडेसातशेहून जास्त दुकानं झाली होती. रिलायन्सनं ऑगस्ट 2023 मध्ये युस्टा आणलं, तिथंही सगळं 999 च्या आत. शिवाय मीशोसारखी ॲप आहेतच, होस्टेलच्या दारात माल आणून देणारी.

पथारीवाल्याचा खरा प्रतिस्पर्धी आता हा आहे. कारण हे लोक त्याच्याच भावाच्या जवळ आलेत आणि वर ट्रायल रूम, बिल, बदलून देण्याची सोय देतात. मुलींसाठी ट्रायल रूम ही छोटी गोष्ट नाही. रस्त्यावर घेतलेला टॉप अंगावर बसला नाही तर तो रूममेटच्या कपाटात जातो.

सरकारी करानंही तराजू जरा त्यांच्याच बाजूला झुकवलाय. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 12 टक्के जीएसटी होता. आता 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढं 18 टक्के. म्हणजे करापूर्वी दीड हजार किंमत असलेल्या जीन्सवर पूर्वी 180 रुपये कर लागायचा, आता 75. दुकानातली जीन्स 105 रुपयांनी स्वस्त व्हायला हरकत नाही. पथारीवरच्या अडीचशेच्या टी-शर्टला मात्र काहीच फरक पडला नाही, तो आधीही 5 टक्क्यांतच होता.

पथारीवाल्याच्या बाजूनं केंद्राची पीएम स्वनिधी योजना आहे. ऑगस्ट 2025 मध्ये तिची मुदत मार्च 2030 पर्यंत वाढवली आणि पहिलं कर्ज 10 हजारांवरून 15 हजार केलं. माल भरायला हे पैसे उपयोगी पडतात. पण गाडी येऊन तोच माल उचलून नेणार असेल तर हप्ता फेडायचा कशातून?

खरेदीला जाताना

वाद मिटेपर्यंत कपडे तर घ्यावेच लागणार. टी-शर्ट, टॉप, ओढणी, ॲक्सेसरीज यांना रस्ता उत्तम. शिवण उलटी करून बघा, लेबल कापलं असेल तर छोटी भोकं आणि डाग तपासा. प्लेसमेंटच्या मुलाखतीचा शर्ट-पँट मात्र दुकानातून घ्या, तिथं फिटिंगला महत्त्व आहे.

रस्त्यावर मोठ्या ब्रँडचं नाव असलेला बूट सहाशेला मिळत असेल तर तो त्या ब्रँडचा नसतो. नकली चिन्ह लावलेला माल विकणं हा ट्रेड मार्क कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा विकणाऱ्याला आहे, नुसतं वापरायला घेणाऱ्याला नाही. पण पावसात पहिल्याच आठवड्यात सोल निघाला तर तक्रार कुणाकडं करणार?

आणि दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी दिसली, पुण्यात ती दिसणारच, तर घाबरून जाऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. रंग आवडला नाही म्हणून परत करता येईलच असं नाही, पण पहिल्या धुण्यात शिवण उसवली तर नक्की. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

राहिला प्रश्न बाजाराच्या भवितव्याचा. 2014 च्या कायद्याच्या परिशिष्टात एक तरतूद आहे. पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्री चालू असलेले स्वाभाविक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. तुळशीबाग या व्याख्येत सहज बसू शकते. एफसीच्या पथारीवाल्यांना तेवढ्या वर्षांचा पुरावा दाखवणं अवघड जाईल, कारण कित्येकांकडे पुरावा म्हणून दाखवायला महापालिकेच्या दंडाच्या पावत्याच आहेत.